कारखाना बंद करणारी गोळी

एकाच गावात एकाच आडनावाची दहा घराणी नांदत असतात. एकाची सराफी पेढी, दुसऱ्याचे कापडाचे दुकान, तिसऱ्याची धान्याची अडत. आडनाव एक म्हणून कोणी सराफाकडे ज्वारीचा भाव विचारावयास जात नाही, किंवा एकाचे दिवाळे निघाले म्हणून उरलेल्या नऊ जणांची पत बुडाली असेही कोणी मानीत नाही. व्यापारी माणूस आडनावावर व्यवहार करीत नाही. पेढी पाहून करतो.

औषधांच्या जगात ‘स्टिरॉइड’ हा शब्द अशा आडनावासारखा आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार पार पाडून एखादी गृहिणी घरी परतते. डॉक्टरांनी पुढील काही वर्षे रोज एक गोळी घ्यावयास सांगितलेली असते. घरातील शिकलेला मुलगा वेष्टनातील माहितीपत्रक उघडतो आणि त्यात ‘स्टिरॉइडल’ हा शब्द दिसताच थबकतो. स्टिरॉइड म्हणजे चेहरा सुजणार, साखर वाढणार, एकदा लागले की सुटणार नाही, अशी नाना मते घरात निघतात. शेजारच्या काकूंनी कधी दम्यासाठी घेतलेल्या गोळ्यांची आठवण निघते. आजार तर आता गेलाच आहे, मग हे विष कशाला, असा निष्कर्ष निघतो आणि गोळ्यांची पाकिटे कपाटात तशीच पडून राहतात. आडनावावरून केलेल्या या पारखीची किंमत फार मोठी असू शकते.

वस्तुतः स्टिरॉइड हे रेणूच्या घडणीचे नाव आहे. कार्बनची तीन षट्कोनी आणि एक पंचकोनी अशी चार कडी एकमेकांस जोडलेली असली की त्या पदार्थास स्टिरॉइड म्हणतात. रक्तातील कोलेस्टेरॉल स्टिरॉइड आहे. पुरुषत्वाचे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन आणि स्त्रीत्वाचे संप्रेरक इस्ट्रोजेन हीही स्टिरॉइडच आहेत. दम्यासाठी किंवा सांध्यांच्या सुजेसाठी दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे या घराण्यातील एक, आणि व्यायामशाळेतील तरुण स्नायू फुगविण्यासाठी चोरून घेतात ती आणखी निराळी. स्तनाच्या कर्करोगात दिले जाणारे एक्झेमेस्टेन हेही त्याच आडनावाचे. परंतु त्याचा धंदा सर्वस्वी वेगळा आहे. ते प्रेडनिसोलोनचे काम करीत नाही. त्याचे काम एकच: शरीरात इस्ट्रोजेन तयार होऊ न देणे.

इस्ट्रोजेन आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध प्रथम एका स्कॉटिश शल्यविशारदाच्या ध्यानी आला. ग्लासगो येथील जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रीची बीजाशये काढून टाकली आणि गाठी ओसरल्याचे पाहिले. 1896 मध्ये त्यांनी हा अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. बीजाशयातून नेमके काय स्रवते हे त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. इस्ट्रोजेन गटातील पहिले संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे होण्यास 1929 साल उजाडले. आज एवढे निश्चित माहीत आहे की, स्तनाच्या कर्करोगांपैकी अर्ध्याहून अधिक कर्करोगांच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा स्वीकार करणारी केंद्रे असतात. अशा पेशींना इस्ट्रोजेन हे वाढीचे खाद्य ठरते. गाठीच्या तपासणी अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ हाच. ज्या गाठीत ही केंद्रे नाहीत, तिच्यावर इस्ट्रोजेन रोखणाऱ्या औषधांचा उपयोग होत नाही.

एखाद्या गिऱ्हाइकापर्यंत माल पोहोचू द्यायचा नसेल तर दोन मार्ग संभवतात. पहिला, गिऱ्हाइकाचे दारच अडवून धरणे. टॅमॉक्सिफेन हे 1970 च्या दशकात रूढ झालेले औषध हे करते: इस्ट्रोजेन ज्या केंद्रावर बसावयाचे, तेथे ते स्वतः जाऊन बसते. दुसरा मार्ग म्हणजे माल तयार करणारा कारखानाच बंद करणे. एक्झेमेस्टेन आणि त्याच्या भावंडांचा मार्ग हा दुसरा.

परंतु रजोनिवृत्तीनंतर बीजाशये तर विसावलेली असतात. मग कारखाना उरतो कोठे, असा प्रश्न साहजिक आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोस्टेनेडिओन नावाचा एक स्टिरॉइड रक्तात सोडीत असतात. हा झाला कच्चा माल. चरबीत, स्नायूंत आणि खुद्द स्तनाच्या ऊतींत ‘ॲरोमाटेज’ नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते या कच्च्या मालाचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. मोठी गिरणी बंद झाली तरी घरोघरचे माग चालू राहावेत, तसा हा प्रकार आहे. उत्पादन थोडे असते, पण कर्करोगाच्या पेशीला तेवढे पुरते.

हे माग थांबविण्याची युक्ती ज्यांनी शोधली, त्या ॲन्जेला ब्रॉडी मूळच्या इंग्लंडच्या. त्यांचा जन्म 1934 चा. शिक्षण मँचेस्टर येथे पूर्ण करून त्या 1960 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर फाउंडेशन या संशोधनसंस्थेत दाखल झाल्या. गर्भनिरोधक गोळीच्या मूलभूत संशोधनामुळे ही संस्था तेव्हा प्रसिद्धीस आली होती. तेथेच रसायनशास्त्रज्ञ हॅरी ब्रॉडी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुले लहान असताना त्या काही वर्षे घरी राहिल्या आणि नंतर पुन्हा प्रयोगशाळेत परतल्या. 1970 च्या दशकात या पतिपत्नींनी सहकाऱ्यांसह ॲरोमाटेजला रोखू शकतील असे पदार्थ एकामागून एक पारखण्यास आरंभ केला.

त्यांचा विचार सरळ होता. यंत्र ज्या कच्च्या मालावर चालते, हुबेहूब त्याच घडणीचा, परंतु किंचित फेरफार केलेला नग त्यात घातला तर काय होईल? अँड्रोस्टेनेडिओनच्या रेणूत एका ठिकाणी छोटासा बदल करून तयार झालेला पदार्थ त्यांनी तपासला. त्याचे रासायनिक नाव लांबलचक. पुढे ते औषध ‘फॉर्मेस्टेन’ म्हणून ओळखले गेले. विकर या नगाला आपला नेहमीचा माल समजून आत घेते, त्यावर प्रक्रिया करू पाहते आणि त्या खटाटोपात स्वतःच कायमचे जाम होते. शास्त्रज्ञांनी या प्रकाराला ‘आत्मघाती अवरोध’ असे नाव दिले आहे. कारण विकर आपल्याच क्रियेने आपला नाश ओढवून घेते. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात प्राण्यांमधील स्तनाच्या गाठींवरील परिणामाची नोंद होती.

येथवरची कथा यशाची वाटते. प्रत्यक्षात पुढची वाट सोपी नव्हती. टॅमॉक्सिफेन नुकतेच बाजारात स्थिरावले होते आणि ते गुणकारीही होते. इस्ट्रोजेनची निर्मिती रोखणारे त्या वेळचे उपलब्ध औषध, अमिनोग्लुटेथिमाइड, मूळचे अपस्माराचे. ते अधिवृक्क ग्रंथींच्या इतर आवश्यक संप्रेरकांनाही रोखीत असे. त्यामुळे जोडीला हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागे, आणि सुस्ती व पुरळ हा त्रास वेगळाच. म्हणजे एक माग थांबविण्यासाठी साऱ्या गावाची वीज तोडण्यासारखे ते होते. नेमका एकच माग थांबविणारे औषध हवे, हा ब्रॉडी यांचा आग्रह होता. 1979 मध्ये त्या बाल्टिमोर येथील मेरीलँड विद्यापीठात गेल्या आणि तेथे त्यांनी हे काम चालू ठेवले.

लंडनमधील कर्करोगतज्ज्ञ चार्ल्स कूम्ब्स यांनी या औषधात रस घेतला. रजोनिवृत्ती झालेल्या, कर्करोग पसरलेल्या मोजक्या स्त्रियांवर त्यांनी ते वापरून पाहिले आणि काहींच्या गाठी लहान झाल्या. 1984 मध्ये हा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्येच आला. बीटसन यांच्या निबंधानंतर 88 वर्षांनी, शस्त्र न लावता तोच परिणाम साधण्याची दिशा त्याच नियतकालिकाच्या पानांवर दिसली. फॉर्मेस्टेन 1990 च्या दशकात युरोपात वापरात आले. ते दर दोन आठवड्यांनी स्नायूत टोचावे लागे, ही त्याची मोठी अडचण होती. तोंडाने घेता येईल अशा स्टिरॉइडचा शोध इटलीत लागला. ते म्हणजे एक्झेमेस्टेन. ऑक्टोबर 1999 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. रोज 25 मिलिग्रॅमची एक गोळी, जेवणानंतर. ॲन्जेला ब्रॉडी यांना 2005 मध्ये कर्करोग संशोधनातील प्रतिष्ठेचे केटरिंग पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. 2017 मध्ये त्यांचे निधन झाले.

याच कुळातील ॲनास्ट्रोझोल आणि लेट्रोझोल ही औषधे भारतातही नित्य लिहून दिली जातात. ती स्टिरॉइड नव्हेत. तीही ॲरोमाटेजला रोखतात, पण जाम करीत नाहीत. कारागिराच्या बैठकीवर कोणी येऊन बसावे आणि उठले की काम पूर्ववत सुरू व्हावे, तशी त्यांची रीत. एक्झेमेस्टेनमुळे जे विकर जाम झाले ते कायमचे गेले. शरीराला नवे विकर घडवावे लागते. म्हणूनच त्याच्या एकाच मात्रेचा परिणाम चार ते पाच दिवस टिकतो. मात्र येथेच एक धडाही आहे. शरीर नवे विकर घडविण्याचे थांबवीत नाही; रोज थोडे थोडे घडवीतच असते. म्हणून गोळीही रोज लागते. ती थांबली की काही दिवसांत सारे माग पुन्हा चालू होतात, आणि त्याचा आवाज कोणाला ऐकू येत नाही.

आता मुख्य प्रश्न हिशोबाचा. चार्ल्स कूम्ब्स यांच्याच नेतृत्वाखाली 37 देशांतील 4,742 स्त्रियांची एक मोठी चाचणी झाली. त्यांचे निष्कर्ष मार्च 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. या साऱ्या स्त्रिया रजोनिवृत्त होत्या आणि त्यांनी दोन ते तीन वर्षे टॅमॉक्सिफेन घेतले होते. पाच वर्षांतील उरलेला काळ निम्म्या स्त्रियांना टॅमॉक्सिफेनच दिले गेले आणि निम्म्यांना एक्झेमेस्टेन. टॅमॉक्सिफेनवर राहिलेल्या 2,380 जणींपैकी 266 जणींच्या बाबतीत आजार उलटला, दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग झाला किंवा मृत्यू ओढवला. एक्झेमेस्टेनवर गेलेल्या 2,362 जणींत ही संख्या 183 होती.

वर्तमानपत्रांतून या निष्कर्षाचा उल्लेख ‘32 टक्के घट’ असा होतो. तो खोटा नाही. परंतु व्याजाचा दर सांगावा आणि मुद्दल सांगू नये, तसे ते होते. मुद्दल असे: शंभर स्त्रियांमागे सुमारे अकरा जणींवर जे संकट आले असते, ते आठांहून कमी जणींवर आले. म्हणजे त्या अवधीत शंभरांत तीन ते चार जणी वाचल्या. हा आकडा लहान वाटेल. पण ज्या घरातील माता त्या तिघी-चौघींपैकी एक असेल, त्या घराला तो शंभर टक्के आहे. अडचण एवढीच की, त्या तिघी-चौघी नेमक्या कोणत्या, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून शंभर जणींना गोळी घ्यावी लागते. आगीचा विमा उतरविणाऱ्या व्यापाऱ्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. आग लागली नाही म्हणून हप्ता फुकट गेला असे तो म्हणत नाही.

विम्याच्या हप्त्यासारखाच या उपचाराचाही त्रास रोज दिसतो आणि लाभ दिसत नाही. सकाळी उठताना बोटे आखडतात, गुडघे दुखतात, अंगातून एकाएकी वाफा निघाल्यासारखे होते, थकवा येतो. इस्ट्रोजेन हाडांचे रक्षण करीत असते. ते नाहीसे झाल्याने हाडे विरळ होतात आणि अस्थिभंगाचा धोका वाढतो. हे आक्षेप काल्पनिक नाहीत. माहितीपत्रक वाचणाऱ्या मुलाची शंका येथे काही अंशी बरोबर ठरते. मात्र हाडांची हानी स्टिरॉइड या आडनावामुळे होत नाही, इस्ट्रोजेनच्या अभावामुळे होते. स्टिरॉइड नसलेल्या लेट्रोझोलनेही ती होते. त्यावर उपायही आहेत. हाडांच्या घनतेची तपासणी आरंभी आणि नंतर ठरावीक काळाने करणे, ड जीवनसत्त्वाची पातळी पाहणे, कॅल्शियम, नियमित चालणे, आणि गरज भासल्यास हाडे बळकट करणारी औषधे. सांधेदुखी असह्य झाली तर त्याच गटातील दुसरे औषध देऊन पाहता येते. पण हे सारे डॉक्टरांना सांगितले तरच होते. न सांगता गोळी बंद केली तर डॉक्टरांच्या वहीत उपचार चालू राहतो आणि घरात तो संपलेला असतो. जमाखर्चाच्या दोन वह्या जुळत नसल्या की पेढीचे काय होते, ते व्यापाऱ्याला माहीत असते.

आणखी तीन गोष्टींकडे लक्ष असावे. पहिली वयाची. आपल्या देशात रजोनिवृत्तीपूर्वी हा आजार होणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. बीजाशये कार्यरत असताना एकटे एक्झेमेस्टेन उपयोगी पडत नाही. इस्ट्रोजेन घटले की मेंदूतून बीजाशयांना अधिक जोराचे फर्मान सुटते आणि गिरणी दुप्पट वेगाने चालू लागते. अशा स्त्रियांना बीजाशये विसावविणाऱ्या इंजेक्शनांच्या जोडीनेच ते दिले जाते. म्हणून एकीची चिठ्ठी दुसरीने वापरू नये. नात्यातील असली तरी. दुसरी गोष्ट इतर औषधांची. क्षयावरील रिफाम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन यांच्यामुळे एक्झेमेस्टेन शरीरातून लवकर निघून जाते. तेव्हा ही औषधे, तसेच कोणतेही चूर्ण वा काढा चालू असल्यास तो कर्करोगतज्ज्ञांना सांगितलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट व्रतनियम पाळणाऱ्या घरांतील. एक्झेमेस्टेन जेवणानंतर घ्यावयाचे, कारण पोटात स्निग्धांश असलेले अन्न असताना ते अधिक शोषले जाते. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या स्त्रीने दुपारच्या जेवणानंतरची वेळ ठरवून घेतली की चौविहारास बाध येत नाही. एकासण्यात तेच एक भोजन गोळीची वेळ होऊ शकते. मात्र पर्युषणातील अठ्ठाई किंवा त्याहून दीर्घ उपवास करण्याचा भाव असेल, तर तो पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक आहे. अनेकदा असे होते की डॉक्टर नाही म्हणतील या भीतीने विचारलेच जात नाही आणि गोळी मुकाट्याने बाजूला ठेवली जाते. उपवास संपतो, गोळी पुन्हा सुरू करावयाची राहून जाते. तपाचे स्थान मोठे आहेच, पण आजारी देहाच्या शक्तीचा विचार करूनच नियम घ्यावा, असे गुरुजनही सांगत आलेले आहेत.

घरातील पुरुषांसाठी एक शब्द येथे वावगा ठरू नये. दुकानाची उधारी, जीएसटीची तारीख, मालाची हुंडी यांची आठवण ठेवणाऱ्या घरात त्या एका गोळीची आठवण मात्र बहुधा जिला आजार झाला तिच्यावरच सोपविलेली असते. सहा महिने सारे घर रुग्णालयात धावते. मग केस पुन्हा उगवतात, साडी पूर्वीसारखी नेसली जाते, आणि आजार संपला असे सर्वांना वाटू लागते. तिला स्वतःलाही तसे वाटावेसे वाटते. रोजची गोळी मात्र त्या आजाराची आठवण करून देते, म्हणून ती नकोशी होते. अशा वेळी ‘घेतलीस का?’ हा प्रश्न दटावणीचा न होता सोबतीचा झाला, तर त्याचा उपयोग होतो. जेवणाच्या टेबलावर वारांची नावे असलेली एक छोटी डबी असावी. पाकीट संपण्याच्या आठवडाभर आधी नवे पाकीट आणण्याची जबाबदारी मुलाने घ्यावी. हाडांच्या तपासणीची तारीख दुकानाच्या दिनदर्शिकेवर इतर तारखांच्या रांगेत लिहिलेली असावी.

ॲन्जेला ब्रॉडी यांचे काम प्रयोगशाळेतून रुग्णाच्या हाती गोळीच्या रूपाने पोहोचण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. ती गोळी रुग्णाकडून मागते ती पाच वर्षे, काहींच्या बाबतीत त्याहून थोडी जास्त. पाच वर्षे म्हणजे सुमारे 1,825 दुपारी. त्यांपैकी कोणती दुपार निर्णायक ठरली, ते कधीच कळणार नाही. म्हणून प्रत्येक दुपारी डबीचा त्या दिवसाचा कप्पा रिकामा झालेला घरातील कोणीतरी पाहिलेला असावा.